पडद्यावरची शर्यत आणि वगळलेला सराव

धावण्यावरचा चित्रपट पाहून दुसऱ्याच दिवशी पहाटे बूट बांधणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले काही आठवडाभरात पोटरी धरून घरी बसतात. याचे एक कारण या चित्रपटांच्या घडणीतच आहे.

प्रारंभी कॅमेऱ्याला धावणाऱ्याच्या कथेपेक्षा त्याच्या शरीराचे कुतूहल अधिक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रकार म्युब्रिज आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांनी धावत्या माणसाची एकेक हालचाल सुटी करून टिपली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकवरील १९३८ सालचा माहितीपट ‘ऑलिम्पिया’ हा नाझी राजवटीच्या प्रचाराचा भाग होता, हे विसरता येत नाही. पण त्यातल्या मॅरेथॉनमध्ये कॅमेरा पायांकडे आणि रस्त्यावरच्या सावलीकडे वळतो, आणि थकलेल्या धावपटूची नजर नेमकी तिथेच खिळलेली असते. कोन इचिकावा यांच्या १९६५ सालच्या ‘टोकियो ऑलिम्पियाड’ या माहितीपटात इथिओपियाचे मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला यांचा निर्विकार चेहरा दीर्घकाळ दिसत राहतो. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी धावत असलेल्या या माणसाचे खांदे मात्र कुठेही ताठरलेले नाहीत. माझ्या मते नवख्याने अभ्यासावे असे धावण्याचे याहून चांगले चित्रीकरण क्वचितच सापडेल.

कथा वरचढ ठरली ती १९८१ सालच्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’पासून. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकवरील या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले आणि समुद्रकिनाऱ्यावर संथ गतीने धावणारी मुले जगभर पोहोचली. त्यात श्रद्धेपोटी रविवारी न धावणारे स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांना १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याचे बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ते काही महिने आधीच ठाऊक होते, आणि मधला काळ त्यांनी ४०० मीटरच्या तयारीसाठी वापरला. पॅरिसमध्ये २०० मीटरचे कांस्यपदक मिळवल्यानंतर त्यांनी ४०० मीटरमध्ये सुरुवातीपासूनच जोर लावून ४७.६ सेकंदांचा ऑलिम्पिक विक्रम केला. श्रद्धेचा भाग पडद्यावर उतरला आणि सरावाचे महिने गळाले. त्याच चित्रपटातले दुसरे धावपटू हॅरॉल्ड अब्राहम्स यांच्या बाबतीत मात्र चित्रपट तुलनेने प्रामाणिक आहे, कारण प्रशिक्षक सॅम मुसाबिनी त्यांच्या फाजील लांब ढांगेवर बोट ठेवतात, आणि ही चूक आजही अनेकांच्या गुडघ्यांना भोवते.

‘भाग मिल्खा भाग’ (२०१३) मध्येही लिडेल यांच्या कथेसारखेच घडते. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमधील ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खा सिंग मागे वळून पाहतात, आणि चित्रपट त्याचा धागा फाळणीच्या आठवणींशी जोडतो. स्वतः मिल्खा यांनी सांगितलेले कारण साधे होते: आपण फार वेगाने निघालो आहोत असे वाटून त्यांनी वेग किंचित कमी केला आणि प्रतिस्पर्ध्यांचा अंदाज घेतला. तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्स यांची वेळ ४५.५ सेकंद होती, मिल्खा यांची ४५.६.