निवडणूक प्रचारातील हिंसाचार व गैरप्रकारांवरील देखरेख, नागपूर जिल्हा

लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या काळात मतदारांना धमकावणे, लाच देणे, धर्म किंवा जातीच्या नावाने मत मागणे, विरोधकांच्या सभा उधळणे, मर्यादेबाहेर खर्च करणे आणि सरकारी साधनांचा प्रचारासाठी वापर करणे यांसारख्या कृत्यांवर नजर ठेवण्याची, त्यांची नोंद घेण्याची व त्यांवर कारवाई करण्याची व्यवस्था. ती भारत निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली चालते. महानगरपालिका व जिल्हा परिषदांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा असून त्याचा लोकसभेशी संबंध येत नाही. नागपूर जिल्ह्यात दोन लोकसभा मतदारसंघ आहेत. नागपूर मतदारसंघात शहराच्या दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम व उत्तर या सहा विधानसभा क्षेत्रांचा समावेश होतो, तर अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या रामटेकमध्ये काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी व रामटेक ही क्षेत्रे येतात. हिंगणा आणि कामठीचा बराच भाग नागपूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आणि उरलेला जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे असल्याने रामटेकच्या उमेदवाराचा प्रचारताफा एकाच दिवसात दोन पोलीस यंत्रणांच्या हद्दींतून फिरतो, आणि देखरेखीच्या नियोजनात ही गोष्ट आधीच धरून चालावे लागते.

कायदेशीर आधार. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ ने निवडणुकांचे अधीक्षण, संचालन व नियंत्रण आयोगाकडे सोपवले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणाची व्याख्या आहे. कलम १२५ धर्म, वंश, जात वा भाषेवरून वैर वाढवण्यास, कलम १२७ सभांमध्ये गोंधळ घालण्यास, कलम १३० मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करण्यास आणि कलम १३५-अ मतदान केंद्र बळकावण्यास गुन्हा ठरवते. यांच्या जोडीला पूर्वी भारतीय दंड संहितेची आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची निवडणूकविषयक कलमे लागू आहेत. आदर्श आचारसंहिता मात्र कायदा नव्हे. १९६० मधील केरळ विधानसभा निवडणुकीच्या वेळी पक्षांच्या संमतीने तयार झालेला हा नियमसंच आहे. त्यात १९७९ मध्ये सत्तारूढ पक्षाविषयीचा भाग जोडला गेला आणि १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असलेल्या टी. एन. शेषन यांनी त्याचा धाक निर्माण केला. संहिता मोडल्याबद्दल आयोग नोटीस देतो, कानउघाडणी करतो किंवा काही काळ प्रचारबंदी घालतो; शिक्षा व्हायची तर ते कृत्य एखाद्या कायद्याखाली गुन्हा असावे लागते.

येथेच व्यवस्थेतील सर्वांत मोठी विसंगती आहे. मतासाठी पैसे वा वस्तू देणे हा गुन्हा असला, तरी तो अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास सुरू करता येत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पाकिटे वाटली जात असल्याची खबर मिळाली की भरारी पथक पोचते आणि रोकड जप्त करते, पण देणारा आणि घेणारा यांच्यावरील खटला पुढे रेटण्याची वाट लांबची राहते. हा गुन्हा दखलपात्र करावा, अशी मागणी आयोगाने अनेकदा केलेली आहे.

यंत्रणा. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. अधिनियमाच्या कलम २०-ब खाली आयोग बाहेरच्या राज्यांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांना सामान्य, पोलीस आणि खर्च निरीक्षक म्हणून पाठवतो. ते जिल्हा प्रशासनाला नव्हे, थेट आयोगाला अहवाल देतात. प्रत्यक्ष कामाचा भार मात्र स्थानिक कर्मचाऱ्यांवर असतो. तक्रारीच्या ठिकाणी धावणारी भरारी पथके, नाक्यांवर वाहने तपासणारी स्थिर सर्वेक्षण पथके, सभांचे चित्रीकरण करणारी व्हिडिओ पथके आणि ते चित्रीकरण पाहून मंच, खुर्च्या, ध्वनिवर्धक, वाहने व फलक यांची मोजदाद करणारी पाहणी पथके अशी ही रचना आहे. मोजदादीतून निघालेला खर्च जिल्ह्याने आधी जाहीर केलेल्या दरपत्रकानुसार छाया नोंदवहीत चढवला जातो आणि उमेदवाराच्या स्वतःच्या हिशेबाशी प्रचारकाळात किमान तीनदा ताडून पाहिला जातो. महाराष्ट्रात लोकसभा उमेदवाराची खर्चमर्यादा जानेवारी २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे. कार्यकर्त्यांना दिलेला चहा-नाश्ता हा खर्च ठरतो, तर मतदारांना घातलेली सावजी मटणाची पंगत ही लाच; पंगतीला बसलेल्यांपैकी कार्यकर्ता कोण आणि मतदार कोण, हे चित्रीकरणावरून ठरवणे पथकाच्या नशिबी येते.

मतदान केंद्रांवर प्रक्रियेकडे लक्ष ठेवणारे सूक्ष्म निरीक्षक केंद्र सरकार व सार्वजनिक उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांतून घेतले जातात. रेल्वे, रिझर्व्ह बँक, राष्ट्रीयीकृत बँका आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय अशी कार्यालये असलेल्या नागपुरात असे मनुष्यबळ शोधावे लागत नाही. संवेदनशील केंद्रांची यादी मागील निवडणुकांतील घटना, एकाच उमेदवाराकडे झुकलेले विलक्षण मतदान आणि धमकावल्या जाऊ शकणाऱ्या वस्त्यांची पाहणी यांवरून केली जाते. पोलीस आपल्या बाजूने परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेतात, सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तनाचे बंधपत्र लिहून घेतात आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली काहींना तडीपार करतात.

सी-व्हिजिल आणि त्याची मर्यादा. २०१८ मध्ये आयोगाने आणलेल्या या मोबाइल अ‍ॅपवरून नागरिकाला छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतचे चित्रीकरण पाठवून, हवे असल्यास नाव न देता, तक्रार करता येते. आधी काढून ठेवलेले छायाचित्र ते स्वीकारत नाही. ते जागेवरच काढावे लागते आणि ठिकाणाची नोंद आपोआप होते. नियंत्रण कक्षाने पाच मिनिटांत पथक नेमायचे, पथकाने पंधरा मिनिटांत पोचायचे, तीस मिनिटांत पडताळणी करायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुढील पन्नास मिनिटांत निर्णय द्यायचा, असा शंभर मिनिटांचा हिशेब त्यामागे आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १६ मार्चला आचारसंहिता लागू झाल्यानंतर २९ मार्चपर्यंत देशभरातून या अ‍ॅपवर ७९,००० हून अधिक तक्रारी आल्या. त्यांपैकी ५८,५०० म्हणजे सुमारे ७३ टक्के तक्रारी विनापरवाना फलक व बॅनरविषयीच्या होत्या. पैसे, भेटवस्तू व दारू यांच्या वाटपाविषयी चौदाशेच्या वर, तर शस्त्रप्रदर्शन व धमकावणीविषयी ५३५ होत्या. यावरून देशात धमकावणी नगण्य आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. फलक चौकात लटकलेला असतो आणि त्याचे छायाचित्र कोणीही काढू शकतो; घरी येऊन हलक्या आवाजात दिलेला इशारा कॅमेऱ्यात येत नाही, आणि ज्याला तो दिला गेला त्याला निवडणुकीनंतरही त्याच मोहल्ल्यात राहायचे असते. म्हणून निरीक्षकांनी वस्त्यांना स्वतः दिलेल्या भेटी, बीट हवालदाराची माहिती आणि १९५० या मतदार मदत क्रमांकावरचे दूरध्वनी यांचे मोल अ‍ॅपमुळे कमी झालेले नाही.

नागपूरचे भौगोलिक प्रश्न. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात, राष्ट्रीय महामार्ग शहरालगत मिळतात आणि सोनेगावला विमानतळ आहे. रोकड व दारूची वाहतूक करणाऱ्याला वाटांची वाण नाही. म्हणून प्राप्तिकर विभाग, लोहमार्ग पोलीस, रेल्वे सुरक्षा दल व राज्य उत्पादन शुल्क विभाग यांना देखरेखीत सामील करून घ्यावे लागते. उत्तरेला मध्य प्रदेशाची सीमा आहे. देवलापार बाजूने सिवनीकडे आणि केळवदवरून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तपासणी नाके उभे राहतात. पश्चिमेचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा असल्याने दारूची चोरटी वाहतूक तेथे निवडणूक नसतानाही चालते. निवडणुकीत तिला फक्त नवे गिऱ्हाईक मिळते. १९ एप्रिल २०२४ रोजी पहिल्या टप्प्यात नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर यांच्याबरोबर सीमेपलीकडील छिंदवाडा, मंडला व बालाघाट येथेही मतदान होते, त्यामुळे मद्यविक्रीबंदीचे तास दोन्ही बाजूंना जुळले. जेव्हा टप्पे वेगळे पडतात तेव्हा पलीकडचे दुकान उघडे राहू नये म्हणून शेजारच्या जिल्हाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करावा लागतो.

नाक्यांवरच्या तपासणीचा जाच सामान्य माणसालाही होतो. पन्नास हजारांवर रोकड नेणाऱ्याने कागदपत्रे दाखवणे अपेक्षित असते. कळमना बाजारात माल विकून परतणारा शेतकरी किंवा लग्नाच्या खरेदीला निघालेले कुटुंब यात अडकते, कारण एप्रिल हा लग्नसराईचा महिना आहे. अशी रक्कम परत करण्यासाठी जिल्हा पातळीवर तीन अधिकाऱ्यांची समिती असते आणि रक्कम कोणत्याही उमेदवाराशी संबंधित नाही असे दिसले तर ती सोडून द्यावी लागते. देशपातळीवर १५ एप्रिल २०२४ पर्यंत रोकड, दारू, अमली पदार्थ, मौल्यवान धातू व भेटवस्तू मिळून ४,६५० कोटी रुपयांची जप्ती झाली होती. २०१९ च्या संपूर्ण निवडणुकीतील आकडा ३,४७५ कोटींचा होता.

सण आणि प्रचार. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला, ईद ११ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती १४ एप्रिलला आणि रामनवमी १७ एप्रिलला आली. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचार थांबवण्याची कलम १२६ मधील मर्यादा १७ तारखेच्या संध्याकाळीच सुरू होत होती, आणि त्याच संध्याकाळी पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेसाठी शहराचा मध्यभाग गर्दीने भरलेला असतो. दीक्षाभूमी व संविधान चौकातील जयंतीची गर्दीही अशीच. धार्मिक वा सामाजिक मिरवणुकीत उमेदवाराने सहभागी होणे गैर नाही. तेथे पक्षचिन्ह, घोषणा किंवा मत देण्याचे आवाहन आले की प्रकरण बदलते. ही रेषा कागदावर स्पष्ट आणि रस्त्यावर पुसट असल्याने पथके अशा वेळी हस्तक्षेपापेक्षा चित्रीकरणावर भर देतात, आणि कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे.

प्रचारात लहान मुलांचा कोणत्याही प्रकारे वापर करू नये, असा स्पष्ट आदेश आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. त्यानंतर दोनच महिन्यांनी नागपुरात शाळकरी विद्यार्थ्यांना प्रचारफेरीत उभे केल्याची तक्रार आली.

भाषणे व वृत्तमाध्यमे. दूरचित्रवाणी, रेडिओ व समाजमाध्यमांवरील जाहिराती आधी माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीकडून तपासून घ्याव्या लागतात. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापील जाहिरातींनाही हा नियम लागू होतो. पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ते छापणे कलम १२७-अ प्रमाणे बंधनकारक आहे. बातमीच्या रूपात छापलेली जाहिरात, म्हणजे पेड न्यूज, हा अजूनही स्वतंत्र गुन्हा नाही. तिचा अंदाजे खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो, इतकेच. प्रक्षोभक भाषणांबाबत महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले प्रकरण १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीचे आहे. धर्माच्या आधारे मत मागितल्याबद्दल रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम केली आणि त्यांच्या प्रचारात भाषणे केलेल्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क त्या दिवसापासून सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

हिंसाचार. नागपूर शहरात प्रचारकाळातील हिंसाचार हा प्रामुख्याने कार्यकर्त्यांमधील हाणामारी, फलक फाडणे व मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरील वादावादी या स्वरूपाचा राहिला आहे. गडचिरोलीतील परिस्थिती वेगळी आहे. माओवाद्यांच्या बहिष्काराच्या आवाहनामुळे तेथील अनेक केंद्रांवर मतदान दुपारी तीनलाच संपवले जाते आणि दुर्गम भागातील पथके हेलिकॉप्टरने पोचवली जातात. राज्य पोलिसांच्या नक्षलविरोधी अभियानाचे मुख्यालय नागपुरात असल्याने त्या बंदोबस्ताच्या समन्वयाचा बराच भाग येथून चालतो. हिंसेमुळे प्रचारच आखडता घेण्याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे: १४ मे २०१९ रोजी कोलकात्यात झालेल्या हिंसाचारानंतर आयोगाने अनुच्छेद ३२४ वापरून पश्चिम बंगालमधील नऊ मतदारसंघांतील प्रचार ठरलेल्या वेळेच्या सुमारे वीस तास आधी थांबवला. त्याच वर्षी तमिळनाडूतील वेल्लोरची निवडणूक मोठ्या प्रमाणावर रोकड सापडल्याने रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घेण्यात आली.

निकालानंतरची कार्यवाही. निकालाबरोबर भरारी पथके विसर्जित होतात, पण प्रकरणे चालू राहतात. उमेदवाराने तीस दिवसांत अंतिम हिशेब सादर करायचा असतो. त्यात कसूर झाल्यास आयोग कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. भ्रष्ट आचरणाच्या आधारे निवडीला आव्हान द्यायचे तर पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, आणि नागपूर व रामटेकच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर येतात. त्या सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे अधिनियम म्हणतो. प्रत्यक्षात हे क्वचितच साधते. फौजदारी प्रकरणांना तर याहून अधिक काळ लागतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील प्रतिज्ञापत्रात दोन प्रलंबित प्रकरणांचा उल्लेख न केल्याची देवेंद्र फडणवीस यांच्याविरुद्धची तक्रार उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयातून फिरून पुन्हा नागपूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. तोवर २०१९ ची विधानसभा निवडणूक होऊन गेली होती.