लेन्ससह की लेन्सविना? जुन्या कॅमेऱ्याने सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रण

जुना फिल्म कॅमेरा सूक्ष्मदर्शकावर बसवण्याच्या दोन पद्धती वरवर सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत कॅमेरा आयपीसच्या, म्हणजे डोळा लावण्याच्या भिंगाच्या, वर असतो. मात्र एकीत कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स जागेवर राहते आणि दुसरीत ती काढलेली असते. एकीचे नियम दुसरीला लावले की चित्र बिघडते.

लेन्स जागेवर असेल तर आयपीसमधून समांतर किरण बाहेर पडायला हवेत, म्हणजे शिथिल डोळ्याने पाहताना पडतात तसेच. म्हणून लेन्स अनंतावर ठेवावी, तिचे छिद्र पूर्ण उघडे असावे, आणि आयपीसच्या किंचित वर प्रकाशाचा जो लहानसा तेजस्वी ठिपका दिसतो त्याच्या शक्य तितके जवळ लेन्सचे प्रवेशछिद्र आणावे. छिद्र लहान केल्यास चित्राची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा भाग, वाढेल ही समजूत येथे खरी ठरत नाही. बहुधा फक्त कडा काळ्या पडतात. १० पट ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचे भिंग (न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप, ०.२५), १० पट आयपीस आणि ५० मिमी लेन्स घेतली, तर फिल्मवरील वर्धन १० × १० × ५०/२५० (२५० मिमी हे स्पष्ट पाहण्याचे ठरीव अंतर), म्हणजे २० पट होते, आणि लेन्सवर एफ/२ कोरलेले असले तरी फिल्मला मिळणारा प्रकाश एफ/४० इतकाच, म्हणजे खूपच कमी, असतो.

लेन्स काढल्यावर प्रतिमा फिल्मवर पाडण्याचे काम आयपीसलाच करावे लागते, आणि वरच्या सूत्रात ५० मिमीच्या जागी आयपीसपासून फिल्मपर्यंतचे अंतर येते. समांतर किरणांची प्रतिमा मात्र फिल्मवर उमटत नाही, म्हणून बहुतेक जण सूक्ष्म फोकसचे बटण फिरवतात. प्रतिमा उमटते खरी, पण ऑब्जेक्टिव्ह ज्या नळीलांबीसाठी घडवलेले असते (जुन्या सूक्ष्मदर्शकांत बहुधा १६० मिमी) तिच्यापासून ते ढळते आणि गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे व मधले किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष) शिरते. कमी शक्तीच्या ऑब्जेक्टिव्हला ते फारसे जाणवत नाही, ४० पट कोरड्या ऑब्जेक्टिव्हचे चित्र मात्र धुरकट होते. योग्य उपाय बटणाला हात न लावता आयपीस नळीत वर उचलण्याचा आहे: २५ मिमी नाभीय अंतराच्या आयपीससाठी फिल्म २५० मिमीवर असल्यास सुमारे अडीच मिलिमीटर. त्यासाठी एक छोटे कडे पुरते, आणि तरीही ही काळजी फार थोडे जण घेतात, याची मला खंत वाटते.

एसएलआर, म्हणजे फोटो घेताना आतला आरसा वर उडणाऱ्या कॅमेऱ्याच्या, आरशाचा हादरा दोन्ही पद्धतींना सारखाच बाधतो. कॅमेरा वेगळ्या स्टँडवर टांगावा.

३५ मिमी फिल्मसाठी मी लेन्ससह पद्धतच निवडेन. १८ मिमी दृष्टिक्षेत्राच्या (आयपीसच्या आत दिसणाऱ्या प्रतिमा-वर्तुळाचा व्यास) १० पट आयपीसमधून ५० मिमी लेन्सने ३६ मिमी व्यासाचे वर्तुळ पडते, म्हणजे चौकटीच्या लांब बाजूइतके. लेन्स काढून फिल्म १२५ मिमीवर ठेवली, तर तेच वर्तुळ ९० मिमीचे होते आणि चौकटीत फक्त मधला भाग मावतो. एवढे मोठे वर्तुळ भात्याच्या (घडीच्या पडद्याने लांब-आखूड होणाऱ्या) मोठ्या, काचेच्या प्लेटवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यालाच शोभते, आणि लेन्सविना पद्धतीची खरी जागाही तीच.