मेरुरज्जूतील सौम्य गाठींची शस्त्रक्रिया

मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातून खाली जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरात) किंवा त्याच्या आवरणांत वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया. ‘सौम्य’ हे विशेषण गाठीच्या पेशींपुरतेच खरे. मेरुरज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, भोवती हाडाची नळी. तिथे संथ वाढणारी गाठही पाय लुळे करते. रात्री आडवे पडल्यावर वाढणारी पाठदुखी, मुंग्या, चालताना जाणारा तोल ही लक्षणे बरेचदा मणक्याच्या झिजेच्या खाती टाकली जातात. निदान एमआरआयने होते.

मेनिन्जिओमा (रज्जूच्या आवरणाची गाठ), श्वानोमा (मज्जातंतूच्या वेष्टनाची गाठ) या गाठी रज्जूबाहेर असतात आणि त्याला बाजूला दाबतात. त्या बहुधा पूर्ण निघतात. अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली ती शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली यांनी, १८८७ मध्ये लंडनला.

रज्जूच्या आतल्या गाठी अधिक दुर्मीळ आणि अवघड. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९११ मध्ये दोन टप्प्यांची युक्ती मांडली : आधी रज्जूला छेद देऊन थांबायचे, आतल्या दाबाने गाठ काही दिवसांत स्वतःच बाहेर सरकली की दुसऱ्या वेळी काढायची. आज सूक्ष्मदर्शकाखाली सहसा एकाच बैठकीत काम होते. रुग्णाला पालथे झोपवून मणक्याची मागची कमान उघडतात. छेद रज्जूच्या बरोबर मध्यरेषेवर हवा. पण गाठीने ती रेषाच सरकवलेली असते. म्हणून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंची मुळे जिथे शिरतात त्या जागा पाहून मध्य ठरवतात.

पुढचे सगळे गाठीच्या कडेवर अवलंबून. एपेंडिमोमाला (रज्जूच्या मधल्या नलिकेच्या अस्तरातून वाढणाऱ्या गाठीला) बहुधा स्वच्छ कड मिळते. हिमॅन्जिओब्लास्टोमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा केशरी-लाल गोळा. तो आतून पोखरायचा नाही, रक्ताचा पूर येतो. आधी त्याच्या धमन्या बंद करतात, मोठी शीर शेवटी, आणि गाठ अखंड उचलतात. लायपोमाची चरबी रज्जूत मुरलेली असते. प्रौढांत शेवटचा कण काढण्याचा हट्ट महागात पडतो. शस्त्रक्रिया चालू असताना हातापायांकडे जाणारे विद्युतसंदेश मोजत राहतात. ते मंदावले की हात थांबवायचा.

मध्यरेषेच्या छेदामुळे काही काळ पायांची जाणीव बोथट होते. डोळे मिटले की पाय कुठे आहे ते कळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी चालत असलेल्यांचे पाय बहुधा टिकतात, आधीच अधू झालेले पूर्ण सुधारतीलच असे नाही. गाठीच्या वर-खाली साचलेली पाण्याची पोकळी मात्र सहसा वेगळी उघडावी लागत नाही; गाठ निघाली की ती आपोआप आटते.