जर्सीच्या वाट्याला तीन

माझा भाचा नवी बाइक पुसतो ती एका जुन्या जर्सीने. पुढे संघाचं चिन्ह, पाठीवर खेळाडूचं नाव. चिन्हाच्या बाजूने तो चेन पुसतो, साखळीचं काळं तेल तिलाच लागतं. नावाची बाजू मात्र आत दुमडून घेतो. विचारलं तर म्हणाला, "मामा, जोनाथन ती टीम सोडून गॉडलाइकमध्ये गेला ना, मग मीपण गेलो."

जोनाथन हा बीजीएमआय या मोबाइलवरच्या गेमचा खेळाडू, गॉडलाइक हा त्यातला एक संघ. बीजीएमआयचे सामने बघणाऱ्या पोरांत हे सर्रास चालतं. यावर मोठ्यांचं ठरलेलं वाक्य, "या पिढीला निष्ठाच नाही." निष्ठा चिक्कार आहे, फक्त ती कापडावर नाही. का नाही, याचं मला पटणारं उत्तर उंदरांच्या एका प्रयोगात आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस लिऑन कामिन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांना एक आवाज ऐकवला आणि लगेच विजेचा हलका झटका दिला. काही वेळा असं झाल्यावर उंदीर नुसत्या आवाजाला घाबरू लागले. मग त्याने आवाजाच्या जोडीला दिवा लावला, झटका तोच. शेवटी आवाज बंद करून नुसता दिवा लावला. उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत! ज्या उंदरांना आवाज आणि दिवा पहिल्यापासून एकत्र मिळाले होते, ते मात्र नुसत्या दिव्यालाही घाबरले. म्हणजे दोन गोष्टी सोबत घडल्या एवढ्यावर मेंदू शिकत नाही. काहीतरी अनपेक्षित घडावं लागतं. झटक्याची खबर आवाजाने आधीच दिलेली, मग दिव्याकडून शिकण्यासारखं उरलं काय?

१९७२ मध्ये रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी हे गणितात बसवलं. दर वेळी होणारं शिक्षण हे 'जे मिळालं' वजा 'जे अपेक्षित होतं' या फरकाच्या प्रमाणात असतं. समजा, सामना बघण्याचा आनंद १०० आणि दर वेळी फरकाचा निम्मा भाग शिकला जातो. एकटा खेळाडू डोळ्यांसमोर असेल, तर त्याच्या खात्यात आधी ५०, मग ७५, ८७.५, ९३.७५. आता त्याच्या अंगावर जर्सी चढवा. उरलेला फरक ६.२५, त्याचा निम्मा दोघांनाही. जर्सीला मिळाले ३.१२५, खेळाडू पोचला ९७च्या आसपास. फरक संपला, हिशेब बंद. दोघं पहिल्या दिवसापासून एकत्र असते तर पन्नास-पन्नास झाले असते. (आकडेमोड कंटाळवाणी वाटली तर ९७ आणि ३ एवढंच लक्षात ठेवा.)

२००१ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींतही हाच हिशेब दिसला. फळांच्या रसाची खबर आधीच मिळत असताना जोडीला आणलेल्या नव्या चित्राला त्या पेशी फारशी दादच देत नव्हत्या. डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणून 'डिटॉक्स' विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्या पेशी आनंदापेक्षा अंदाज किती चुकला ते सांगतात.

उंदरांवरून चाहत्यांवर मारलेली उडी माझी आहे, पण फार लांबची नाही. भाच्याने जोनाथनला आधी पाहिलं ते स्ट्रीमवर: रात्री उशिरा, तासन्‌तास, हेडफोनमधून थेट कानात. संघ मागून आला. त्या संघाला ना गाव, ना मैदान, ना 'आमचे आजोबा पण यांचेच'. त्याच्या वाट्याला तीन.

वानखेडेवर माझा सिद्धांत थोडा अडखळतो. सचिनने आयपीएल सोडली तरी निळी जर्सी फिकी पडली नाही. 'मुंबई' हा शब्द लोकांच्या मनात सचिनच्याही आधीपासून होता, असं म्हणून मी वेळ मारून नेतो. पण १ एप्रिल २०२४ला त्याच मैदानात मुंबईच्याच कर्णधाराची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली गेली, कारण त्याला रोहितच्या जागी आणलं होतं. तेव्हा कापड आणि माणूस यांत कोण जड, हे कानांनी ऐकू आलं.

श्रेय वाटताना मेंदू कारण तपासत बसत नाही, अनपेक्षित घडलं तेव्हा हजर कोण होतं ते बघतो. म्हणून तर आमच्याकडे सामना चालू असताना कुणाला सोफ्यावरून उठू देत नाहीत. उठलं की विकेट पडते म्हणे. गोलंदाजाला हे कुणी कळवतं, देव जाणे.

आता कॉम्प्युटर गेममधला फेकर. लीग ऑफ लेजंड्‌सचा हा कोरियन खेळाडू २०१३ पासून एकाच संघात आहे. सहा जगज्जेतेपदं, सगळी तिथेच. संघाचं नाव एसके टेलिकॉम टी१चं नुसतं टी१ झालं, तरी तो हलला नाही. इथे आवाज आणि दिवा पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत, म्हणजे गणितानुसार पन्नास-पन्नास. पण दोघं कधी वेगळे झालेच नाहीत, तर ताडून बघणार कसं? त्याचा करार २०२९ पर्यंत आहे. तो थांबेल त्या मोसमात टी१च्या सामन्याला किती खुर्च्या भरतात, ते मी मोजणार आहे. आवाज बंद, नुसता दिवा.