बंदी वाघ-सिंहांवर आहे, सर्कशीवर नाही

माळेगावच्या जत्रेत दरसाली कोणीतरी म्हणतंच, "सर्कस कुठली आता, सरकारनं बंदच केली की!" लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतही हेच ऐकू येतं. साफ चूक. केंद्र सरकारच्या 1998 च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. झुले, सायकलीवरच्या कसरती, विदूषक यांना कुणी हात लावला नाही. 2011 मध्ये न्यायालयानं सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली, तीही योग्यच.

"वाघाशिवाय कसली सर्कस?" असं म्हणणाऱ्यांनी जरा मागं पाहावं. 1768 साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीनं खेळ सुरू केले ते घोड्यांवर. रिंगण सुमारे 42 फुटांचं ठरलं तेही घोड्यामुळंच: गोल धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर माणसाला तोल सांभाळता यावा म्हणून. आपल्याकडं 1880 मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रेही अश्वविद्येतलेच. आणि माळेगावात घोड्यांचा बाजार भरतो, हे नांदेडकरांना काय सांगायचं!

तंबू कमी झाले, हे खरं. पण त्याला जागेचं भाडं, वाहतुकीचा खर्च आणि हातातला मोबाइल जास्त कारणीभूत आहेत.