चौदा दिवसांचा नियम

चौदा दिवसांचा नियम : प्रयोगशाळेतील मानवी भ्रूण संशोधनासाठी चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, असा निर्बंध. वादांत तो विज्ञानाने आखलेली सीमा म्हणून पुढे केला जातो. त्याखालची नैतिक गृहीतके क्वचितच बोलून दाखवली जातात.

नियमाचे श्रेय सामान्यतः ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीला (अहवाल १९८४) दिले जाते. तथापि अमेरिकेतील नीती सल्लागार मंडळाने हीच मर्यादा १९७९ मध्ये सुचवली होती, तेव्हा अग्रमान त्या मंडळाला देणे अधिक योग्य. आकडा एकच, कारणे मात्र निराळी. मंडळाने भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात पुरता रुजण्याचा काळ धरला. समितीने भ्रूणचकतीवर (ज्या चपट्या पेशीथरातून पुढे शरीर घडते त्यावर) पंधराव्या दिवसाच्या सुमारास उमटणारी आद्यरेषा, म्हणजे शरीराच्या अक्षाची पहिली खूण, प्रमाण मानली.

आद्यरेषा उमटेपर्यंत भ्रूण दुभंगून एकसारखी जुळी होऊ शकतात. सबब तोवर ‘एक व्यक्ती’ नाही, असा युक्तिवाद केला जातो. यात एक विधान गाळलेले आहे : जे दुभंगू शकते, त्याला व्यक्तीचे नैतिक मोल नसते. हे भ्रूणविज्ञान सांगत नाही. (केळीच्या कंदाला पिले फुटतात म्हणून मूळची केळ एक नव्हती, असे कोणी म्हणत नाही.) विरोधकांचेही तसेच. फलनाबरोबर नवा जनुकसंच तयार होतो म्हणून तेव्हाच व्यक्ती सुरू होते, असे म्हणताना जनुकसंच म्हणजेच व्यक्ती हे ते धरून चालतात. मग एकसारख्या जुळ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. पहिल्या चौदा दिवसांतील भ्रूणासाठी वापरलेल्या ‘प्राग्भ्रूण’ या संज्ञेवर तर वादाचा निकाल नावातच लावल्याचा आक्षेप आला, आणि तो गैर नाही.

ब्रिटनच्या १९९० च्या कायद्यात मुळात स्त्रीबीज व शुक्राणू एकत्र केल्याच्या दिवसापासून मोजणी होती; २००८ च्या दुरुस्तीनंतर ती भ्रूण घडवण्याची प्रक्रिया सुरू झाल्याच्या दिवसापासून होते. गोठवलेला काळ धरत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे गोठवलेला भ्रूणही कायद्याच्या लेखी तीन दिवसांचा असू शकतो.

भारतात मूलपेशी संशोधनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही मर्यादा आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात मात्र ‘भ्रूण’ या शब्दाची व्याख्या ५६ दिवसांपर्यंतची आहे.

२०१६ मध्ये मानवी भ्रूण प्रयोगशाळेत बारा-तेरा दिवस वाढवण्यात यश आले. तोवर या नियमाची झळ कुणाला बसलीच नव्हती. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतील चौदा दिवसांपलीकडची सरसकट मनाई मागे घेतली. मूलपेशींपासून घडवलेल्या भ्रूणप्रतिकृतींत फलन होतच नाही. त्यांचा पहिला दिवस कोणता धरावा, यावर एकमत नाही.