सिम्प्सन्स इन द स्ट्रँड: बुद्धिबळाच्या अड्ड्यावर रोस्ट बीफ आलं कुठून?

लंडनला कोणी निघालं की "अस्सल इंग्लिश जेवण कुठे मिळेल" ह्या प्रश्नाला दोन नावं हमखास येतात. एक मेडन लेनवरचं रूल्स आणि दुसरं तिथून चालत काही मिनिटांवरचं सिम्प्सन्स इन द स्ट्रँड. रूल्स वयाने मोठं, १७९८ चं, थॉमस रूल नावाच्या माणसाने ऑयस्टर विकायला काढलेलं, आणि त्याची गोष्ट तशी सरळ आहे. सिम्प्सन्सची सरळ नाहीये. चांदीच्या झाकणाची ट्रॉली, टेबलापाशी येऊन मांस कापून देणारा पांढऱ्या कपड्यातला माणूस, लाकडी तावदानांच्या भिंती, हे सगळं बघून वाटतं की इथे पहिल्यापासून हेच चालत आलंय. पण सुरुवातीला हे रेस्टॉरंट नव्हतंच.

१८२८ साली सॅम्युअल रीस नावाच्या माणसाने स्ट्रँडवर 'ग्रँड सिगार दिवाण' काढलं, दिवाण म्हणजे सिगार ओढत बसायची बैठक. नाव तुर्की थाटाचं, बसायला ऐसपैस गाद्यांचे सोफे, प्यायला कॉफी आणि ओढायला सिगार. सिगारचं वेड तेव्हा इंग्लंडात नवीनच होतं, नेपोलियनच्या काळात स्पेनमध्ये लढून आलेले सैनिक ते घेऊन आले, आणि मग लंडनमध्ये असे सिगार दिवाण ठिकठिकाणी निघाले. इथे वर्षाला एक गिनी भरून मेंबर व्हायचं नाहीतर दाराशी सहा पेन्स टाकून आत शिरायचं, कॉफी आणि सिगार धरून हवं असेल तर दीड शिलिंग, आणि मग दिवसभर पेपर वाचा, राजकारणावर वाद घाला, बुद्धिबळ खेळा, कोणी उठवायला येणार नाही. म्हणजे इंग्लंडचं सगळ्यात इंग्लिश समजलं जाणारं हॉटेल सुरू झालं ते तुर्की बैठक, परदेशी सिगार, अरबस्तानातून आलेली कॉफी आणि मूळचा आपल्याकडचा खेळ ह्या चार गोष्टींवर, आणि ह्यातली एकही इंग्लिश नाही :)

बुद्धिबळामुळे दिवाण गाजलं. एका कॉफी हाउसची दुसऱ्याशी मॅच लागायची आणि उंच टोपी घातलेले निरोपे चाल घेऊन इकडून तिकडे पळायचे असं सांगतात. पुढे हॉवर्ड स्टाँटन, स्टाइनिट्झ, झुकरटॉर्ट, ब्लॅकबर्न असे त्या काळचे एकूण एक मोठे खेळाडू इथे बसलेले आहेत. आज आपल्या घरात जो पट असतो त्यातल्या मोहऱ्यांचा आकार 'स्टाँटन' म्हणून ओळखला जातो, १८४९ साली जॅक्स कंपनीने तो बाजारात आणला, तो ह्याच स्टाँटनच्या नावाने. मोहरे त्याने बनवले नव्हते, फक्त नाव दिलं होतं, पण ब्रँडिंग म्हणजे काय हे त्या लोकांना तेव्हाच बरोबर कळलं होतं.

१८४८ मध्ये जॉन सिम्प्सन हा केटरर रीसबरोबर धंद्यात आला, जागा वाढवली आणि नाव झालं 'सिम्प्सन्स ग्रँड दिवाण टॅव्हर्न'. खाणं खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. आता अडचण अशी की गिऱ्हाईक पटावर वाकून बसलेलं, तासन् तास हलणार नाही, आणि तुम्हाला त्याला जेवू तर घालायचंय. त्यावर सिम्प्सनने काढलेली युक्ती म्हणजे ट्रॉली. भाजलेल्या बीफचा अख्खा तुकडा चाकांच्या गाडीवर ठेवायचा, वर चांदीचं घुमटासारखं झाकण, गाडी थेट माणसापाशी न्यायची आणि तिथल्या तिथे पातळ काप काढून ताटात वाढायचे, की डाव मोडत नाही आणि पोटही भरतं. आज आपण ज्याला परंपरा म्हणून फोटो काढतो ती मुळात खेळणाऱ्याने उठू नये म्हणून केलेली सोय होती, असं तरी सिम्प्सन्सवाले सांगत आलेत, आणि मला ते पटतं, कारण बुद्धिबळ खेळणारा माणूस जेवायला किती हाका मारल्या की उठतो हे ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला विचारा.

मग आलं १८५१. लंडनमध्ये ते प्रचंड प्रदर्शन भरलं होतं, क्रिस्टल पॅलेसवालं, आणि त्याच मुहूर्तावर स्टाँटनने पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरवली. ब्रेस्लाउचा गणिताचा मास्तर अ‍ॅडॉल्फ अँडरसन ती जिंकला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो स्पर्धेबाहेरचा, सहज म्हणून खेळलेला एक डाव, २१ जूनचा, सिम्प्सन्सच्या दिवाणात झालेला. समोर लिओनेल किझेरित्स्की, जो पॅरिसच्या कॅफेत पैसे घेऊन बुद्धिबळ शिकवायचा आणि ह्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत अँडरसनकडूनच बाहेर पडलेला होता. अँडरसनने आधी एक उंट दिला, मग दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला, आणि उरलेला उंट आणि दोन घोडे ह्यांच्यावर तेविसाव्या चालीला मात केली. किझेरित्स्कीची तोपर्यंत फक्त तीन प्यादी गेली होती! मला ह्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की हा डाव पहिल्यांदा छापला तो हरलेल्या किझेरित्स्कीनेच, स्वतःच्या मासिकात. 'अमर डाव' हे नाव नंतर १८५५ मध्ये एर्न्स्ट फाल्कबीअर ह्या ऑस्ट्रियन बुद्धिबळपटूने दिलं. आजही बुद्धिबळ शिकणाऱ्या पोरांना हा डाव दाखवतात, आणि तो झाला तेव्हा आजूबाजूने बीफची ट्रॉली फिरत असणार हे कोणी सांगत नाही.

ह्यापुढची वर्षं पटकन सोडतो, जागा एकाकडून दुसऱ्याकडे गेली, धंदा बरा चालला. खरी कलाटणी १८९८ ची. शेजारीच सॅव्हॉय हॉटेल, १८८९ चं, ते काढलेलं रिचर्ड डॉयली कार्ट ह्या नाटकवाल्याने, आणि त्याच्या ग्रुपने सिम्प्सन्स विकत घेतलं. आता सॅव्हॉयमध्ये तेव्हा काय चालायचं तर फ्रेंच. सेझार रित्झ मॅनेजर आणि ओग्युस्त एस्कॉफिए स्वयंपाकघरात, दोघांनी मिळून लंडनच्या श्रीमंतांना फ्रेंच सॉसची चटक लावून ठेवलेली (दोघांना त्याच १८९८ मध्ये काढून टाकलं ती भानगड वेगळी). त्या काळी चांगलं हॉटेल म्हणजे फ्रेंच पदार्थ आणि मेन्यूकार्डही फ्रेंचमध्ये, इंग्लंडात बसून इंग्लिश माणसाला इंग्लिश जेवण मागायची लाज वाटावी अशी परिस्थिती.

१९०३ मध्ये स्ट्रँडचा रस्ता रुंद करायचा म्हणून जुनी इमारत पाडली. बुद्धिबळाचा अड्डा तिथेच संपला. १९०४ ला नवीन इमारतीत सिम्प्सन्स परत उघडलं तेव्हा ते पक्कं रेस्टॉरंट होतं, आणि मुख्य आचारी थॉमस डेव्हीने ठरवूनच टाकलं की इथे सगळं ब्रिटिशच असेल, इतकं की मेन्यू हा फ्रेंच शब्दसुद्धा कार्डावर चालणार नाही. म्हणजे बघा, सत्तर-पंचाहत्तर वर्षं सिगार, कॉफी आणि पट ह्यांच्यावर चाललेली जागा शेजारच्या फ्रेंच स्वयंपाकघराच्या सावलीत येऊन 'पारंपरिक ब्रिटिश' झाली. बीफ आधीपासून होतं हे खरंच आहे, पण बीफ ही आमची ओळख आहे असं ठणकावून सांगणं हे १९०४ चं. ह्यात मला फसवणूक वगैरे दिसत नाही, उलट धंद्याची चांगली समज दिसते.

आता त्या ताटाबद्दल. रोस्ट बीफ हे इंग्रजांचं इतकं जुनं प्रकरण आहे की अठराव्या शतकापासून फ्रेंच लोक त्यांना चिडवायला 'रोसबीफ' म्हणतात. रोस्ट म्हणजे तेव्हा उघड्या आगीसमोर सळईवर फिरवत भाजणं, आज ओव्हनमध्ये करतात ते कडक भाषेत बेकिंगच. भाजताना मांसातून चरबी ठिबकायची, ती वाया कशाला घालवा म्हणून खाली अंडी, दूध आणि मैद्याचं पातळ पीठ ओतलेला तवा ठेवायचे, त्यात ती चरबी पडून जे फुगून यायचं ते यॉर्कशायर पुडिंग. नावात पुडिंग असलं तरी गोड नाही, हे माहीत नसलेले आपले लोक ते शेवटी खायला बाजूला ठेवतात, तसं करू नका, मऊ पडतं. यॉर्कशायरमध्ये तर ते ग्रेव्हीबरोबर सगळ्यात आधी वाढायचे, पिठाने पोट भरलं की महागाचं मांस कमी लागतं! सोबत हॉर्सरॅडिशचा सॉस, जो मोहरीसारखा नाकात जातो. बीफ न खाणाऱ्यांसाठी मटण आणि मासे असायचे, आणि शेवटी ट्रीकल (काकवीसारखा पाक) घातलेलं गोड पुडिंग किंवा स्टिल्टन चीज.

दुसऱ्या महायुद्धात ह्या सगळ्याचे हाल झाले. १९४२ पासून देशभर नियमच होता की हॉटेलात जेवणाचे पाच शिलिंगपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत (काही महागड्या ठिकाणांना वरचा आकार लावायची मुभा होती) आणि मांस-मच्छीचा एकच पदार्थ वाढायचा. मांसाचं रेशनिंग उठायला १९५४ उजाडलं. ब्रिटिश जेवण बेचव ही जी जगभर बदनामी आहे तिचं बरंचसं खापर मी तरी ह्या वर्षांवर फोडतो, एक अख्खी पिढी पुरेसं लोणी, अंडी आणि मांस न बघता स्वयंपाक शिकली.

एक गोष्ट मात्र परंपरेच्या नावाखाली उगाच टिकवली. तळमजल्याच्या त्या लाकडी तावदानांच्या हॉलमध्ये आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारच्या जेवणाला बायकांना प्रवेश नव्हता, आणि हे १९८४ पर्यंत! बुद्धिबळाची जागा म्हणून सांगतो, मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, त्यावर तक्रारी झाल्या, मामला हायकोर्टात गेला आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे ह्यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. आणि त्यानंतर आठ वर्षं सिम्प्सन्सच्या खालच्या हॉलमध्ये बाईला दुपारी बीफ मिळत नव्हतं.

१९९४ मध्ये सकाळचा नाश्ता सुरू केला, त्यातल्या सगळ्यात मोठ्या ताटाचं नाव 'दहा महापापं'. मग मार्च २०२० ला कोविडमध्ये दार बंद झालं ते बंदच राहिलं. २०२३ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा लोकांनी हे संपलंच असं धरलं. नंतर बातमी आली की जेरेमी किंग हे चालवायला घेताहेत. हे साधे गृहस्थ नाहीत, द आयव्ही आणि वुल्झली ही लंडनची रेस्टॉरंट्स त्यांनी नावारूपाला आणली, आणि २०२२ मध्ये भागीदार कंपनीशी बिनसून स्वतःचाच ग्रुप लिलावात गमावून बसले. त्यांच्या हातात गेलेलं सिम्प्सन्स डेव्हीच्या १९०४ ला धरून चालणार की रीसच्या १८२८ कडे बघणार हा माझा खरा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर ट्रॉली ठेवा, पण एका कोपऱ्यात दोन पट मांडा आणि कॉफीवर बसू द्या लोकांना.